भाकरीच्या भट्टीतला हेडर

माझ्या भट्टीत आजवर ज्वारीची भाकरी, बाजरीची भाकरी आणि एकदा माझ्याच हातून आत राहिलेला नॅपकिन, एवढंच भाजलं गेलं होतं. तिथं मोटारीचा भाग भाजायची कल्पना माझ्या नवऱ्याची. सरकारी खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला कल्पना फार सुचतात. नोकरीत असताना सुचल्या असत्या तर निदान नुकसान सरकारचं झालं असतं.

मी कडक भाकरीचा धंदा करते. ज्वारी मंगळवेढ्याची, हात माझे आणि माझ्याकडे येणाऱ्या दोन बायकांचे. भाकरी थापून तव्यावर भाजायची आणि मग पापडासारखी कडक होईपर्यंत मंद आचेवर सुकवायची. सुकवण्यासाठी मी विजेची भट्टी घेतली आहे. कपाटाएवढी उंच, आत जाळीचे ट्रे. घरात माझ्या हक्काची एवढी एकच गोष्ट आहे. फ्रिजवर सगळ्यांचा डोळा, टीव्हीवर सगळ्यांचा ताबा, पण भट्टीला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. लावत नव्हतं.

आमच्या अंगणात ताडपत्रीखाली एक गाडी उभी असते. जुनी, चौकोनी, आणि बॉनेट एवढं लांब की समोरून येणारा माणूस आधी बॉनेटला भेटतो, ड्रायव्हरला नंतर. जुन्या हिंदी सिनेमातले खलनायक असल्या गाडीतून पांढरे बूट घालून उतरायचे. सासऱ्यांनी ती जुन्यात घेतली आणि लग्नात नवरा-नवरीसाठी भाड्यानं द्यायला सुरुवात केली. चालवायचे स्वतःच, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, नवरदेवापेक्षा ताठ बसून. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यातल्या कितीतरी पोरी त्या गाडीच्या मागच्या सीटवर रडत बसून सासरी गेल्या. त्यातल्या काही परतही आल्या, पण त्या एसटीनं.

सासऱ्यांनंतर गाडी नवऱ्याकडे आली. तो तिला मसल कार म्हणतो. मोबाइलवर एक दाढीवाला अमेरिकन माणूस आहे, तो दिवसभर असल्या गाड्यांखाली झोपून असतो. त्याच्यामुळे आमच्या घरात हे नाव आलं. मी विचारलं तेव्हा कळलं की खऱ्या मसल कारला आठ सिलिंडर असतात आणि आपल्या गाडीला चार. तेव्हापासून मी तिला अर्धी मसल म्हणते, आणि तेव्हापासून गाडीबद्दल मला काही सांगायचं असलं की नवरा भिंतीकडे बघून सांगतो.

आता सासूबाई. त्यांना मी अत्ती म्हणते, नवरा अव्वा म्हणतो. आमच्या घरात कानडी आणि मराठी दोन्ही बोलतात. साधं बोलणं मराठीत, भांडण रंगलं की कानडीत. अत्तींनी ऐंशी ओलांडली आहे, दात स्वतःचे आहेत आणि राग तर त्याहून पक्का. त्यांचा सगळ्यात जुना राग या गाडीवर होता. सगळ्या तालुक्याच्या बायका त्या गाडीत बसल्या होत्या, मालकीणबाई सोडून.

झालं असं होतं. गाडी घरी आली त्या दिवशी सासऱ्यांनी अत्तींना शब्द दिला, की तुला या गाडीतून वळसंगला नेतो. वळसंग त्यांचं माहेर, आमच्या सोलापुरापासून तासाभराच्या आत. मागच्या सीटवर बसवून, हार लावून, नवरीसारखी नेतो, असं ते म्हणाले होते. अत्तींनी लगेच जाऊन ही बातमी वळसंगलाच दिलेल्या थोरल्या बहिणीला सांगितली, कारण सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. मग लग्नसराई लागली. ती संपली तर गाडीचं काम निघालं. काम झालं तोवर पुढची सराई आली. शिवाय सासऱ्यांच्या डोक्यात एक खूळ होतं, की हाराफुलांची गाडी घरच्या कामाला जुंपली की तिचा मान जातो. ज्वारीची पोती मात्र त्यांनी डिकीतून आणलेली मी स्वतः उतरवली आहेत. अत्ती वर्षानुवर्षं एसटीनं माहेरी जात राहिल्या आणि त्यांची बहीण दरवेळी उंबऱ्यातच विचारत राहिली, "गाडी कुटं हाय?" आधी चेष्टेनं, नंतर सवयीनं. मग सासरे गेले. ते गेले त्या दिवशीही गाडी दुसरा ड्रायव्हर घेऊन कुणाच्या तरी लग्नात उभी होती. अत्तींनी त्यांना बाकी सगळं माफ केलं, हे नाही.

यंदा उन्हाळा उतरताना वळसंगहून अत्तींच्या भाच्याचा फोन आला. त्याची आई, अत्तींची थोरली बहीण, म्हणजे नवऱ्याची दोड्डव्वा, अंथरुणाला खिळली होती. कान जवळजवळ गेलेले, डोळ्यांना अंधुक दिसायचं, माणूस कधी ओळखू यायचा, कधी नाही. भाचा म्हणाला, मावशीला एकदा भेटायला आणा, मी गाडी पाठवतो. अत्तींनी फोन हातात घेतला आणि त्याला सांगितलं, गाडी आमची आमाला हाय. फोन ठेवून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुज्या बापाच्या गाडीतनं जानार. दुसऱ्या कशात बसनार न्हाय. आन अक्का जायच्या आत जानार." एवढं बोलून त्या देवासमोर जाऊन बसल्या. म्हणजे विषय संपला होता आणि आमचा चालू झाला होता.

नवऱ्यानं ताडपत्री काढली, गाडी धुतली, अत्तींना मागच्या सीटवर बसवलं आणि निघाला. गल्लीच्या कोपऱ्यावरून परत आला. अत्ती खोकून लाल झाल्या होत्या आणि पदर नाकाला होता. इंजिनमधून जळका धूर बाहेर नेणारा जो बिडाचा ठोकळा असतो, मॅनिफोल्ड म्हणतात त्याला, तो तडकला होता. मागे नळीतून जायचा तो धूर थेट गाडीत येत होता. अत्ती उतरल्या, पायरीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मेल्यावर बी नेत न्हाई बघ." हे सासऱ्यांना उद्देशून होतं. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. त्यांच्या हातात वळसंगला न्यायची पिशवी होती आणि त्यात बहिणीसाठी शेंगाचटणीची बरणी होती.

होटगी रोडला नवऱ्याचा नेहमीचा मिस्त्री आहे. कामात ठीक, बोलण्यात फार मोठा. त्यानं तडा बघितला, जिभेनं चक् चक् केलं आणि वेल्डिंग मारून दिलं. घरी येईपर्यंत ते सुटलं. परत मारलं, परत सुटलं. मग त्यानं सांगितलं, की साहेब, बिडाला वेल्डिंग टिकतच नाही. हे त्याला आधीही ठाऊक होतं का, हे मी नवऱ्याला विचारलं. नवरा भिंतीकडे बघत राहिला. भंगारात शोधाशोध केली तर तसाच एक ठोकळा मिळाला, त्यालाही बरोबर त्याच जागी तडा. शेवटी दाढीवाल्याचा सल्ला घ्यायचं ठरलं. दाढीवाल्याचं म्हणणं होतं की बीड फेका आणि हेडर लावा.

हेडर म्हणजे चार वाकवलेल्या नळ्या. प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाला एक, आणि पुढे त्या सगळ्या एकत्र येऊन एका नळीत शिरतात. एवढंच. पण एवढ्यावरून आमच्या घरात जी चर्चा झाली ती आमच्या मुलीचं स्थळ बघतानाही झाली नव्हती. हेडर दोन प्रकारचे निघाले. एक लांब: चार नळ्यांच्या आधी दोन होतात, मग दोनांची एक, आवाज खोल आणि सभ्य, चढावर गाडीला जोर. दुसरा आखूड: चारही नळ्या पटकन एकाच ठिकाणी येऊन भिडतात, जोर वरच्या वेगाला, आणि आवाज असा की शेजारी दार उघडून बघतात. नवऱ्याला लांब हवा होता. मिस्त्रीला आखूड करायचा होता, कारण त्यात वाकवायचं काम कमी. त्यानं मात्र कारण दिलं वळसंगच्या रस्त्यावरच्या गतिरोधकांचं. लांब हेडर खाली लोंबतो, घासेल, म्हणाला. दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत होते, त्यामुळे काहीच ठरेना.

वळसंगहून दुसरा फोन आला. दोड्डव्वा जेवत नव्हत्या, नुसतं पातळ घेत होत्या. त्या संध्याकाळी नवऱ्यानं मोबाइलवर दोन्ही हेडरचे आवाज अत्तींना ऐकवले. कशासाठी ते त्याला तरी माहीत होतं की नाही, देव जाणे. आधी लांबाचा. अत्तींनी मान हलवली, बरा हाय म्हणाल्या. मग आखूडाचा. माझ्या हातातली परात खाली पडली. अत्तींनी मोबाइल हातात घेतला, परत एकदा लावायला सांगितला आणि विचारलं, "अक्काला ह्यातला कंचा ऐकू येईल?"

नवऱ्यानं मोबाइल बंद केला. आखूड ठरला. जोर, वेग, चढ, गतिरोधक, सगळी चर्चा त्या एका प्रश्नानं संपली. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी नवऱ्याचा अभिमान वाटला, कारण त्यानं पुढे एक शब्द काढला नाही. तो क्षण फार टिकला नाही, कारण लगेच कोटिंगचा विषय निघाला.

नळ्या तशाच लावल्या तर गंजतात, आणि तापल्या की सगळी धग बॉनेटखाली कोंडते. सोलापुरात बॉनेटखाली आणखी धग नको, वरून येते तेवढी पुरते. म्हणून नळ्यांवर उष्णता आतच धरून ठेवणारा थर द्यायचा. मिस्त्रीचं मत पडलं क्रोम. चकाचक दिसेल साब, आरशासारखं. मिस्त्रीच्या दोन बोटांत चार अंगठ्या आहेत, त्याच्याकडून दुसरं काय येणार. क्रोम तापून निळं पडतं आणि मग सोलतं, असं दाढीवाला म्हणाला. एमआयडीसीतला पावडर कोटिंगवाला म्हणाला, कुठलाही रंग देतो, गुलाबी म्हणाल तर गुलाबी. तो रंग पहिल्याच फेरीत जळून जाईल हे त्यानं सांगितलं नाही, ते नवऱ्यानं शोधून काढलं. काही लोक नळ्यांना दुखऱ्या गुडघ्याला बांधतात तशी जाड पट्टी गुंडाळतात, पण ती पट्टी पाणी धरते आणि आतून नळी कुजते. सगळ्यात उत्तम म्हणजे सिरॅमिकचं कोटिंग, ते पुण्याला होतं आणि तिथं महिनाभर तरी थांबा म्हणाले. दोड्डव्वा महिनाभर थांबतील का, हे त्यांना कोण विचारणार होतं. मग उरला तो हीटप्रूफ रंग. डब्यात मिळतो, फवारायचा, आणि नंतर टप्प्याटप्प्यानं शेकून पक्का करायचा. दुकानात त्या दिवशी एकच रंग शिल्लक होता, काळा.

काळा म्हटल्यावर अत्तींचा चेहरा पडला. माहेरी जाताना काळं घेऊन जायचं, आणि तेही आजारी माणसाकडे, हे त्यांना मुळीच पटलं नाही. मी समजावलं, की अत्ती, माझे तवेही काळेच आहेत, त्यावरच तुमचं पोट चालतं. शिवाय बॉनेटच्या आत कोण बघणार आहे. त्या म्हणाल्या, बघनारा बघतो. नवरा त्यावर ज्ञान पाजळायला लागला, काळा रंग धग कशी सोसतो वगैरे, आणि अत्ती ऐकता ऐकता गप्प झाल्या. अत्ती वाद सोडून गप्प झाल्या की माणसानं सावध व्हायला हवं. नवरा त्यांचा मुलगा असून हे त्याला अजून कळलेलं नाही.

मिस्त्रीनं हेडर वाकवून जोडून दिला तसा नवऱ्यानं गच्चीवर वाळवणाच्या दोरीला तारेनं नळ्या टांगल्या, नाकाला रुमाल बांधला आणि रंग फवारला. माझी कुरडई त्या आठवड्यात राहिली ती राहिलीच. रंग सुकला. आता शेकायचं कुठं? एवढा मोठा हेडर मावेल असं शहरात काय आहे, यावर तो बराच वेळ फिरत राहिला. बेकरीवाल्यानं हाकललं. मग तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, आणि भिंतीकडे न बघता, माझ्याकडे बघून बोलला. तेव्हाच मी ओळखलं.

मी आधी नाही म्हणाले. भाकरीला रंगाचा वास लागला तर गिऱ्हाईक माझ्या नावानं भाकरी परत पाठवेल, हेडरच्या नावानं नाही. मग अत्तींची पिशवी नजरेस पडली. ती पायरीजवळच्या खुंटीवर त्या दिवसापासून तशीच लटकत होती, चटणीची बरणी आत घेऊन. मी अटी घातल्या. ऑर्डर नसलेल्या दिवशी, ट्रे सगळे बाहेर काढून, नंतर भट्टी त्यानं स्वतः सोड्यानं धुवायची, आणि वास जाईपर्यंत माझ्या दोन्ही बायकांना चहा करून द्यायचा. सगळं कबूल. नवरे असे कबूल झाले की भट्टीच्या दसपट काही मागून घ्यायला हवं होतं असं वाटतं.

शेकायच्या दिवशी घरात ऑपरेशन थिएटरसारखं वातावरण. न शेकलेल्या रंगाला हाताचं तेल लागलं तर बोटांचे ठसे कायमचे भाजून निघतात, असं त्यानं सगळ्यांना बजावलं. माझे भाकरी पॅक करायचे हातमोजे घातले, नळ्या थिनरनं पुसल्या आणि ओसरीतल्या स्वच्छ धोतरावर मांडल्या. कुणी बोट लावायचं नाही. मग तो आत माझ्याशी भट्टीच्या बटणांवरून वाद घालायला आला. वाद थोडा लांबला. परत जाऊन त्यानं हेडर उचलला, नीट बघितला, काळाभोर, निर्मळ, आणि भट्टीत टांगून दार लावलं. माझी भट्टी तापते तेवढ्यावर पहिला शेक होणार होता. पुढचा शेक गाडी चालू केल्यावर इंजिनच्या धगीवर.

घरभर असा वास सुटला की माझ्या दोन्ही बायका अंगणात जाऊन बसल्या. अत्ती मात्र आतच होत्या, भट्टीसमोर खुर्ची टाकून, हात जोडून. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला नवल वाटतंय.

भट्टी गार झाल्यावर नवऱ्यानं दार उघडलं. रंग सुंदर धरला होता, माझ्या सगळ्यात जुन्या तव्यासारखा. आणि प्रत्येक नळीवर, वाकण्याच्या जागी, तीन पांढरे आडवे पट्टे. चारही नळ्यांवर. जिथं चारांची एक होते तिथं जरा मोठे, मानाचे.

आमच्या घरात हे पट्टे कुणाला ओळखू येणार नाहीत? अत्ती ते रोज सकाळी कपाळावर ओढतात, आणि घरात जे जे नवीन येतं त्याच्यावर ओढतात. नवा मिक्सर, नवा गॅस, मुलीचं दहावीचं हॉलतिकीट, माझी भट्टीसुद्धा. विभूतीची गट्टी, म्हणजे वडी, पाण्यात उगाळायची, तीन बोटं बुडवायची आणि ओढायची. ओली असताना ती दिसत नाही, वाळली की पांढरी होते. आम्ही बटणांवरून भांडत असताना त्यांनी काळ्याचा बंदोबस्त केला होता. नवऱ्यानं हेडर उचलला तेव्हा पट्टे ओले होते. पांढरे झाले ते माझ्या भट्टीत.

नवऱ्यानं हेडर खिडकीपाशी उजेडात नेला. मग त्यानं ओल्या फडक्यानं पुसून बघितलं, मग थिनरनं, मग भांडी घासायच्या काथ्यानं. पट्ट्यांबरोबर रंगही निघायला लागला. तेव्हा तो कानडीत सुरू झाला. एवढं सांगितलं होतं, बोट लावू नका म्हणून. अव्वा, तीन तीन बोटं लावलीस. अत्ती शांतपणे म्हणाल्या, "देवाचं बोट हाय ते. इभूत न लावता नुसत्या लोखंडावर बसून माहेरी जातं व्हय कुनी?" तो म्हणाला, सगळं खरवडून परत करणार. डबा संपला होता, दुसरा मागवायला लागणार होता. आठवडा तरी जाईल. अत्ती म्हणाल्या, जाऊ दे की. पण त्यांचा आवाज बारीक झाला होता. त्यांनी खुंटीवरच्या पिशवीकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. त्या बाईला मी तीस वर्षं ओळखते. त्यांनी हात जोडून विनवलं असतं तर मला एवढं लागलं नसतं.

मग मी बोलले. म्हटलं, अहो, हा हेडर गाडीच्या पोटात जाणार आहे, म्युझियममध्ये नाही. आहे तसा लावा. तो म्हणाला, "पण मला माहीत असेल ना ते तिथं आहेत." मी म्हटलं, चांगलं आहे, गाडी चालवताना आई आठवेल. मग त्यानं हेडर धोतरात गुंडाळला आणि होटगी रोडला गेला, पाय आपटत, पण गेला.

मिस्त्रीनं धोतर उघडलं आणि आधी नळ्यांना नमस्कार केला. मग त्यानं खास तज्ज्ञाच्या थाटात दिलासा दिला, की काळजी करू नका, इंजिनच्या धगीनं दोन फेऱ्यांत हे जळून उडून जाईल. नवरा त्या आशेवर घरी आला. मी त्याला सांगितलं, की अहो, विभूती म्हणजे राख, ती आधीच जळलेली आहे, तिला आणखी काय जाळणार? दुसऱ्या दिवशी हेडर बसवून मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये गाडी सुरू करून ठेवली. भट्टीत कच्चा राहिलेला रंग धुमसला, गल्लीभर धूर झाला, शेजारच्या टायरवाल्यानं शटर ओढून घेतलं. धूर विरल्यावर मिस्त्रीनं बॉनेटमध्ये वाकून बघितलं. रंग पक्का झाला होता आणि पट्टे आधीपेक्षा ठळक. मिस्त्री म्हणाला, आता हे गाडीबरोबरच जाणार, साब.

त्या सकाळी वळसंगहून तिसरा फोन आला होता. दोड्डव्वा बोलायच्या बंद झाल्या होत्या.

अत्ती इरकल नेसून, खुंटीवरची पिशवी हातात घेऊन तयार होत्या. हार पाहिजे म्हणाल्या. नवरा म्हणाला, आजाऱ्याला बघायला हार लावून जातात का? अत्ती म्हणाल्या, "मी आजाऱ्याकडं न्हाय, अक्काकडं चाललीय." मी कोपऱ्यावरून झेंडूचा हार आणला. बॉनेटवर लावला. त्या मागच्या सीटवर बसल्या, डावीकडे, जिथं नवरी बसते. कुणी सांगितलं नव्हतं, पण इतकी वर्षं सासऱ्यांना नवरीचा हार त्या जागी ठेवताना त्यांनी अंगणातून बघितलं होतं. मी त्यांच्या शेजारी बसले, करवलीच्या जागी. नवऱ्यानं किल्ली फिरवली आणि आमच्या गल्लीतली सगळी कुत्री पळाली.

अक्कलकोट रोडला लागलो. गाडीत धूर नव्हता, वास नव्हता, फक्त आवाज होता, आणि त्या आवाजापुढं बोलायची सोय नव्हती. पुढच्या दुचाक्या आपण होऊन कडेला होत होत्या. अत्ती काचेतून बाहेर बघत होत्या आणि हात सीटवरून फिरवत होत्या. वळसंग जवळ आलं तेव्हा त्या माझ्या कानाशी आल्या. "गाडी चांगली हाय," त्या म्हणाल्या. "मानूसच इसरभोळा होता."

बहिणीच्या घरापुढे पोहोचलो तर दार सताड उघडं आणि भाचा बाहेर धावत आलेला. त्यानं अत्तींचे पाय धरले आणि म्हणाला, तुम्ही अजून वेशीपाशी असाल मावशी, तेव्हा आई बोलली. दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलली. आम्हाला वाटलं बरळते. म्हणाली, दार उघडा, गाडी आली.

अत्तींनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या. पदर तोंडाला लावून आत गेल्या. आम्ही बाहेर थांबलो. नवऱ्यानं इंजिन गार व्हावं म्हणून बॉनेट उघडलं, तर भाचा, त्याची बायको आणि शेजारचे दोघं येऊन उभे राहिले. पट्टे दिसताच सगळ्यांचे हात छातीशी गेले. शेजाऱ्यानं विचारलं, हे मुद्दाम करून घेतलंय का? नवऱ्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, हो, ते कोटिंगचाच भाग आहे. मी भिंतीकडे बघितलं.

थोड्या वेळानं अत्ती बाहेर आल्या आणि अक्काला गाडीत बसायचंय म्हणाल्या. डॉक्टरांनी हलवू नका सांगितलंय, असं भाचा सांगत होता, पण तोवर नवरा आत गेला होता. त्यानं दोड्डव्वांना दोन्ही हातांवर उचलून आणलं. वजन असं राहिलंच नव्हतं. मागच्या सीटवर त्यांना बहिणीच्या शेजारी टेकवलं, मी पुढे बसले. गावातून एक चक्कर, हळूहळू, पहिल्या गिअरमध्ये. लोक दारात येऊन बघत होते, की हार लावलेल्या गाडीत मागे दोन म्हाताऱ्या. दोड्डव्वांनी अत्तींचा हात धरला होता. देवळापाशी त्या जरा वाकल्या, ड्रायव्हरच्या सीटकडे डोळे बारीक करून बघितलं. तिथं कोण बसलंय हे त्यांना नीट दिसत नसावं. मग त्यांनी बहिणीला मोठ्यानं विचारलं, "तुजा नवरा कुटं हाय?"

अत्तींनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. गाडीचा आवाज एवढा, की त्यांना ओरडूनच सांगावं लागलं, त्यामुळे आम्हालाही ऐकू आलं.

"भाड्यावर गेलाय," अत्ती म्हणाल्या. "येईल."

नवऱ्यानं आरशातून मागे बघितलं, आणि मग वळायच्या ऐवजी सरळ पुढच्या गल्लीत गाडी घातली.